गणपतीत घर भरलेलं असताना सगळ्यांची तब्येत कशी सांभाळायची?

देवगडची सून
मंडळी, आमच्याकडे गौरी-विसर्जनापर्यंत गणपती असतो. एरवी घरात चार माणसं, चाकरमानी आले की बावीस. सासूबाई ६८ वर्षांच्या, त्यांना मधुमेह आहे. सकाळी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी, रात्री इन्सुलिन. पाच वर्षांखालची दोन मुलं येतात. पाणी विहिरीचं. दुपारची पानं अडीचच्या आधी पडत नाहीत आणि भजन रात्री बारापर्यंत चालतं. मला दोन गोष्टींची धास्ती आहे: सासूबाईंची साखर, आणि तिसऱ्या दिवसापासून सुरू होणारी पोटाची तक्रार. सुरुवात कुठून करू? "पसारा कमी करा" एवढं सोडून सांगा, तो कमी होणार नाही.

औषधपेटी
ताई, सुरुवात घड्याळापासून करा. ग्लिमेपिराइड पोटात गेली की अन्न मिळो न मिळो, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. सकाळी साडेआठला गोळी, बरोबर अर्धं घावन, आणि मग अडीचपर्यंत नैवेद्याची वाट, अशाने साखर घसरणारच. मोदकाने साखर वाढेल म्हणून सगळे घाबरतात, पण या दिवसांत आधी सांभाळायची ती घसरलेली साखर.

हात थरथरणं, दरदरून घाम, चिडचिड, बोलताना शब्द अडखळणं ही तिची लक्षणं. गडबडीत घरच्यांना वाटतं, दमल्या असतील. लगेच तपासा. ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या, वर आली की मग जेवण. अशा वेळी मोदक देऊ नका, खोबऱ्यातल्या तेलामुळे त्यातली साखर रक्तात सावकाश पोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८.

रोजचा क्रम असा ठेवा: गोळीबरोबर पोटभर न्याहारी, साडेबाराला त्यांचं पान, बाकीच्यांचं कधीही होवो. मध्यम मोदकात साधारण २० ग्रॅम पिठी आणि १५ ग्रॅम गूळ जातो, म्हणजे जवळपास दोन छोट्या पोळ्यांइतकी कर्बोदकं. मोदक वाढला की पानातला भात तेवढा उचलायचा. आधी उसळ-भाजी खाऊ दे, मोदक जेवणातच, पाच वाजता चहाबरोबर वेगळा नको.

हरतालिकेचा उपास धरणार असतील तर त्या दिवशीची गोळी आणि रात्रीचं इन्सुलिन किती घ्यायचं, हे डॉक्टरांना आठ दिवस आधी विचारून कागदावर लिहून घ्या. आपल्या मनाने बंद करू नका.

साखर तपासण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायला लावा. सारण वळलेल्या बोटाला गुळाचा अंश राहतो आणि आकडा खोटाच चढलेला दिसतो. पट्ट्यांच्या डबीचं झाकण काढल्या काढल्या परत लावा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात उघड्या पट्ट्या खराब होतात.

वापरात असलेलं इन्सुलिन ३० अंशांच्या आत बहुतेक २८ दिवस टिकतं, पण नेमके दिवस खोक्यावरच बघा. नवीन असेल ते फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटलेलं नको. एकदा गोठलं की फेकायचं. दिवे गेले तर एका मडक्यात ओली वाळू भरून त्यात दुसरं लहान मडकं बसवा, आतल्या मडक्यात इन्सुलिन पिशवीत गुंडाळून ठेवा.

देवगडची सून
खूप आभार. अडचण एवढीच की नैवेद्याआधी त्या घास घेणार नाहीत.

ओटीवरून
मग नैवेद्यच अलीकडे आणा. पहिल्या दिवशी मध्यान्हीची पूजा असते आणि गुरुजींना दहा घरं करायची असतात. म्हणून आजच त्यांच्याकडून वेळ मागून घ्या. "लवकर या" म्हणून काही होत नाही, "साडेअकरा" असं ठरवा. दुसऱ्या दिवसापासून पूजा घरचेच करतात, तेव्हा उशीर होतो तो फक्त स्वयंपाकाचा. नैवेद्यापुरता भात, वरण, एक भाजी आणि मोदक आधी उतरवा, बारा वाजता दाखवा, आरती करा. बाकीचा स्वयंपाक मागाहून होऊ दे. आणि सासूबाईंना हे सुनेपेक्षा गुरुजींच्या तोंडून ऐकू द्या: आजारी माणसाने, लेकरांनी आणि गरोदर बाईने खोळंबून राहायचं नसतं.

मोठी चूल
तिसऱ्या दिवसाच्या पोटदुखीबद्दल. मोठ्या स्वयंपाकात घात होतो तो बहुधा भात आणि वाटप (वाटलेलं ओलं खोबरं) या दोन जागी.

अकराला शिजलेला भात टोपात झाकून तीनपर्यंत राहिला की मधला भाग कोमट राहतो. तांदळातल्या काही जंतूंची बीजं शिजल्यावरही जिवंत असतात, ती या कोमट भातात वाढून विष सोडतात. ते विष परत गरम करून जात नाही. संध्याकाळी फोडणीचा भात केला तरी उलट्या होतात त्या यामुळेच. बावीस माणसांचा भात एकदम लावू नका, दोन खेपांत लावा. उरलेला लगेच परातीत दोन बोटांच्या थराने पसरा, परात थंड पाण्यात ठेवा, निवला की फ्रिजमध्ये. दोन तासांच्या आत हे व्हायला हवं. गरम टोप तसाच फ्रिजमध्ये ढकलला तर आतलं दूधही तापतं.

काळ्या वाटाण्याच्या उसळीचं सगळं वाटप एकदम घालू नका. वाटाणे शिजवून ठेवा, एका जेवणाला लागतील तेवढे वेगळे काढून त्यातच वाटप घाला. ओल्या खोबऱ्याची उसळ सकाळची रात्री कडेने फेसाळलेली दिसली, पळीला तार आली की ती गेली. उकळून वाचवायला जाऊ नका. सोलकढीचा नारळाचा रस ऐनवेळी काढा. मोदकाचं सारण मात्र आदल्या रात्री करता येतं: दोन वाट्या चव (खवलेलं ओलं खोबरं), एक वाटी गूळ, पाणी पूर्ण आटेपर्यंत परतायचं, निवलं की झाकून फ्रिजमध्ये. उकड त्याच दिवशीची.

वाढणाऱ्या बायका शेवटी जेवतात आणि त्यांच्या वाट्याला नेमका तोच चार तासांचा भात येतो. त्यांचं जेवण शिजल्या शिजल्या डब्यात काढून बाजूला ठेवा, किंवा दोन जणी पहिल्या पंगतीत बसू देत. नारळ खवायला एकीलाच पाटावर बसवू नका, दर अर्ध्या तासाने पाळी बदला. चाकरमान्यांतले पुरुषही आडाळीवर (खवणीच्या विळीवर) बसू शकतात.

जुलाब लागलेच तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचं एक पाकीट (मोठं, एक लिटरचं). नसेल तर सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. लहान मुलांना जुलाब बांधणाऱ्या गोळ्या अजिबात देऊ नका. रक्त पडलं, मूल मलूल झालं किंवा सहा तास लघवी झाली नाही तर दवाखाना.

विहीरवाला
पाणी विसरू नका. व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. ३.१४ × व्यास × व्यास × खोली, भागिले ४, म्हणजे घनमीटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर साधारण २८,००० लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवून रबडी करा, पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं ठेवा. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने विहिरीत सोडा आणि वर-खाली हलवा. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही, पाणी जड होतं. रात्री घाला, निदान तासभर उपसू नका. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्च होतो, म्हणून मुलांचं पिण्याचं पाणी तरीही उकळा.

खळ्यातून
झोपायचं पण बघा. पडवीत जमिनीवर गाद्या पडतात, मण्यार (विषारी साप) रात्रीच फिरते आणि तिचा दंश बऱ्याचदा जाणवतही नाही. मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा. पहाटे कुणाचं पोट दुखू लागलं, पापण्या जड झाल्या तर सर्पदंश धरून चला: बांधायचं नाही, चिरायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. विषावरची लस जवळच्या कुठल्या रुग्णालयात आहे, हे आधीच फोन करून विचारा.

विसर्जनाला व्हाळात (ओढ्यात) उतरणाऱ्यांच्या पायाला भेगा किंवा जखमा असतील तर त्यांनी काठावरच थांबावं. लेप्टोचा (उंदरा-गुरांच्या लघवीतून पाण्यात मिसळणाऱ्या जंतूंचा) ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो, म्हणजे माणूस मुंबईला पोचल्यावर. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं दिसलं तर तिथल्या डॉक्टरांना "गावी व्हाळात उतरलो होतो" हे सांगायलाच हवं. नाहीतर पहिले दोन दिवस साध्या तापाच्या गोळ्यांत जातात.

देवगडची सून
गुरुजींना फोन केला, पावणेबारा ठरलं. एक शंका: घरात गेल्या पावसाळ्यातली फोडलेली ब्लीचिंग पावडर आहे, चालेल का?

विहीरवाला
नाही. फोडलेल्या पुड्यातला क्लोरीन दमट हवेत उडून जातो, वर्षभरात उरतो तो बहुतेक चुना. नवीन आणा, हवाबंद बरणीत अंधारात ठेवा. ग्रामपंचायतीत विचारा, तिथे ती बहुधा मिळते.