गावरान कोंबडीची चव म्हणजे औषध नसल्याचा पुरावा आहे का?

तर्री_वऱ्हाडी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आता गावोगावी ब्रॉयलरच शिजतो. माझं मत: पंगतीला गावरानच हवी. ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या वर जातो. गावरान कोंबड्याला दीड किलो व्हायला पाच-सहा महिने लागतात. वयासोबत तंगडीतलं कोलाजेन पक्कं होतं. मंद आचेवर दीड-दोन तास ठेवलं की त्याचं जिलेटिन होऊन रश्शात उतरतं. ब्रॉयलरचं मांस त्याआधीच हाडावरून सुटतं. एवढी घाईची वाढ औषधाशिवाय, म्हणजे जंतू मारणाऱ्या अँटिबायोटिकशिवाय, होत नाही. जंतू त्याला सरावले आणि माणसाच्या जुलाबावरच्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या, त्याचं मूळ इथंच आहे.

कुक्कुटवैद्य: चवीचं पटलं, पुढचं नाही. झपाट्याची वाढ मुख्यतः निवडक पैदाशीतून आणि खाद्यातून येते. कोंबडीचा खास वास तिच्या चरबीतलं लिनोलेइक आम्ल तापून तयार होणाऱ्या २,४-डेकाडायइनालसारख्या रेणूंचा. अँटिबायोटिकचा त्यात हात नाही, म्हणून जिभेला औषध कळत नाही.

परसातही औषध जातंच ना, राजेहो. हगवण दिसली की पुडी आणायची आणि अंदाजाने पाण्यात टाकायची. आजारी पक्षी पाणीच कमी पितो, त्याच्या पोटात अर्धवट डोस जातो. कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. वर, मरायच्या आत विकून टाकू म्हणून तीच कोंबडी, औषध अंगात असतानाच, दुसऱ्या दिवशी बाजारात. आठवडी बाजारातली प्रत्येक रंगीत कोंबडी गावरान नसते हेही ध्यानात घ्या. वनराजा, ग्रामप्रिया या हैदराबादच्या संशोधन संस्थेने काढलेल्या जाती आहेत.

तर्री_वऱ्हाडी: परसात दहा पक्षी, शेडमध्ये पाच हजार. दोन्ही एका मापात कसे मोजता? कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या फळीतलं औषध. ते कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं, म्हणून तर जुलै २०१९ मध्ये केंद्राने प्राण्यांसाठी बंद केलं. जंतूला त्याला दाद न देण्याची ताकद देणारं एमसीआर-१ जनुक २०१५ मध्ये चीनमधून जाहीर झालं. ते प्लाझ्मिडवर, जंतूतल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर असतं, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही जातं. आणि कोंबड्यांना देतात ते एन्रोफ्लॉक्सासिन? कोंबडीच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनच होतो. आपल्या दवाखान्यातली तीच गोळी.

जंतुमित्र: शेडवर लगाम हवा, यात वाद नाही. पण प्रत्येक न हटणारा ताप-जुलाब कोंबडीच्या माथी मारू नका. टायफॉइडचा जंतू माणसातच राहतो. तो येतो नाल्याशेजारच्या विहिरीतून, फुटक्या नळातून. कोंबडीतून येतात ते कॅम्पिलोबॅक्टर, टायफॉइडेतर साल्मोनेला आणि ई. कोलाय हे आतड्यातले जंतू.

औषधाला न जुमानणारा जंतू उष्णतेला मात्र जुमानतो. मांसाच्या मधोमध ७४ अंश झाले की औषधाला दाद देणारे आणि न देणारे, दोन्ही मरतात. घोळ शिजवण्याआधी होतो. दुकानातला लाकडी ठोकळा, दिवसभर तेच पाणी असलेली बादली, तोच सुरा. घरी आणून नळाखाली धुतलं की शिंतोडे ओट्यावर, मग त्याच विळीवर कांदा चिरायचा. कांदा तर कच्चाच खातो आपण! म्हणून कांदा-लिंबू आधी चिरा, मांस नंतर. विळी साबणाने धुऊन उकळतं पाणी ओता.

चुलीवरचा_आचारी: ब्रॉयलर बेचव लागतो त्यात आपलाही वाटा आहे. चार किलो मांस एकदम गंजात (पातेल्यात) ओतून झाकण ठेवलं की पाणी सुटतं आणि ते १०० अंशांवर नुसतं उकडतं. खमंगपणा १४० अंशांच्या आसपास जोर धरतो. किलो-किलोने, झाकण न ठेवता, पाणी आटून तेल सुटेपर्यंत परता. निखाऱ्यावर उलटं होतं: बाहेर काळपट, हाडाजवळ गुलाबी. रंगावर विसंबू नका, जाड तंगडीला हाडापर्यंत चिरे द्या.

तर्री_वऱ्हाडी: विळी धुऊ. पण शेडचं कच्चं कोंबडखत संत्र्याच्या बागेत, सांभार (कोथिंबीर)-पालकाच्या वाफ्यात पडतं, ते कोण धुणार?

कुक्कुटवैद्य: इथं मी तुमच्या बाजूने. ढीग ओलसर ठेवून आतून ५५ अंशांवर तापू द्या, दर काही दिवसांनी बाहेरचा थर आत घाला. वरचा थर गारच राहिला तर त्यातले जंतू जिवंत राहतात. जंतू मेले तरी औषधाचे अंश आणि जनुकं पूर्ण जात नाहीत, म्हणून पालेभाजीला हे खत नकोच.

जंतुमित्र: पाण्यासारखे जुलाब झाले तर मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलसारखी अँटिबायोटिकची गोळी आणू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा. मीठ जास्त पडलं तर लेकराला धोका, म्हणून ओआरएसची पुडी मिळाली तर तीच बरी. लेकराला सोबत झिंकही. शौचात रक्त, मोठा ताप किंवा लघवी बंद झाली तर थेट दवाखाना.