वाडीतल्या घरकुलांवर पोरांना गवंडीकाम शिकवायचं आहे, सरकारी मदत मिळेल का?

ओळंबा, राजापूर तालुका

नमस्कार मंडळी.

मी गवंडी. चुलत्यांच्या हाताखाली शिकलो, चिऱ्याचं काम चोवीस वर्षं करतोय. आमच्या वाडीत यंदा पाच घरकुलं मंजूर झालीत, चार प्रधानमंत्री आवासमधली आणि एक रमाईतलं. दोघांच्या खात्यात 15 हजारांचा पहिला हप्ता पडलासुद्धा. पण बांधायला माणूस नाही. विजापूरकडचे गवंडी दिवाळीनंतर येतात ते हायवेलगतच्या बंगल्यांवर जातात. तिथे शनिवारी रोकडा हातात मिळतो. घरकुलवाल्याला पुढच्या हप्त्यासाठी जोत्याचा फोटो चढवून वाट बघावी लागते, तोवर गवंड्याने काय खायचं? त्यांना दोष नाही देत मी. पण एकट्याने पाच घरं पावसाआधी उभी करणं मला जमणार नाही.

आणि त्याच वाडीत सात पोरं रिकामी आहेत. दोन बारावीला अडकलेली, एकाचं आयटीआय अर्ध्यावर सुटलं, एक मुंबईला सिक्युरिटीत बारा-बारा तास उभा राहून गुडघे धरून परत आला. चार जण स्वतःहून माझ्याकडे आले, "काका, आम्हाला घ्या" म्हणाले.

त्यातल्या एकाला मी गेल्या मे महिन्यात आठ दिवस सोबत घेतलं होतं. माझ्या पडवीचा कोपरा त्याला लावायला दिला. ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं वजन, सोडला की आधी तो डोलतो, त्यात खाडीवरचा वारा. पोरगं घाई करायचं, डोलतानाच चिरा सरकवायचं. मी म्हटलं, हात काढ, गप उभा राहा, तो थांबेल. तिसऱ्या दिवशी ते आपसूक थांबायला लागलं. पाचव्या थराला माझ्याकडे न बघता एक चिरा काढून परत बसवलान, कारण खाली माल कमी पडला होता हे त्याला आवाजावरून कळलं. थापीच्या दांड्याने ठोकलं की पोकळ चिरा वेगळा बोलतो. हे वर्गात बसवून शिकवता येत नाही. भिंत चालू असावी लागते.

मला एवढी कळकळ का, तेही सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीला काही वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यात घरकुल मिळालं. ज्याने बांधलं त्याने खाडीची वाळू न धुता वापरली आणि सळईखाली कव्हर ठेवलंच नाही, सळई फळीवर टेकलेली. तिसऱ्या पावसाळ्यात स्लॅबचे पापुद्रे पडायला लागले. आत सळई फुगलेली, हात लावला तर तांबडा भुगा. बहिणीने खाट खोलीच्या एका कोपऱ्यात ओढली आणि आजही तिथेच निजते. घरकुल आयुष्यात एकदाच मिळतं हो. त्या माणसाला कोणी कधी शिकवलंच नव्हतं, तर राग तरी कोणावर धरायचा?

तर प्रश्न असा. ही पाच घरं हीच शाळा धरून पोरांना शिकवलं, तर त्यांच्या रोजाची सोय एखाद्या योजनेतून होईल का? लाभार्थ्याच्या 1 लाख 20 हजारांतून शिकाऊ पोरांचा रोज काढणं म्हणजे त्याच्या भिंतीतले चिरे काढण्यासारखं आहे. आणि पोरांचे बापही खोटं बोलत नाहीत, "फुकट शिकण्यापेक्षा बागेत गेला तर संध्याकाळी पैसे आणील" म्हणतात.

जुना विस्तार अधिकारी

ओळंबा भाऊ, मी पंचायत समितीत घरकुलांचं काम केलंय, आता निवृत्त आहे. तुम्ही जे मनात आणलंय ते प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये आधीपासून आहे. त्याला ग्रामीण गवंडी प्रशिक्षण म्हणतात. 45 दिवसांचं असतं आणि तुम्ही म्हणता तसंच, चालू घरकुलावर. आखणी, पाया, जोतं, भिंत, लिंटेल, छत, गिलावा असं पोरांनी प्रत्यक्ष घर बांधायचं. शेवटी बांधकाम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेकडून परीक्षा आणि प्रमाणपत्र. राज्यात 20 नोव्हेंबर 2020 ला महाआवास अभियान सुरू झालं, त्यातही गवंडी प्रशिक्षणावर भर होता.

आता अडचण ऐका. हे पैसे गवंड्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हातात येत नाहीत. जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा बॅच ठरवते, प्रशिक्षण संस्था नेमते. म्हणून "अनुदान द्या" असा अर्ज करू नका. "आमच्याकडे पाच घरकुलं जोत्याच्या आत आहेत, इतके इच्छुक तरुण आहेत, शिकवणारा अनुभवी गवंडी आहे, आमच्या वाडीत बॅच घ्या" असा ग्रामसभेचा ठराव करा. त्यात घरकुलांचे मंजुरी क्रमांक आणि पोरांची वयं-शिक्षण लिहा. तालुक्याच्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला आधी प्रत्यक्ष भेटा, मग कागद द्या. आधी कागद दिलात तर तो फाइलीतच राहील. माझं टेबलही तसंच होतं, खोटं कशाला बोलू.

वेळेचं सांभाळा. बॅच मार्चमध्ये मंजूर झाली तर तुमची पोरं आंब्या-काजूत असतील आणि मेअखेर सगळं झाकून ठेवायची घाई. कोकणात हे 45 दिवस दिवाळी ते शिमगा याच्या आतच बसवावे लागतात. वरून परिपत्रक काढणाऱ्याला आपला पाऊस माहीत नसतो, तो आपण ठरावात लिहायचा.

लाभार्थ्यांनाही सांगा की 1 लाख 20 हजारांखेरीज रोजगार हमीतून 90 दिवसांची अकुशल मजुरी मिळते, 2025-26 च्या 312 रुपये दराने ती 28,080 होते. शौचालयाचे 12 हजार वेगळे. प्रधानमंत्री आवास ग्रामीणच्या टप्पा दोनसाठी राज्याने 2025 मध्ये 50 हजार वाढवले, त्यातले 15 हजार छतावरच्या सौरऊर्जेशी बांधलेले आहेत. पाच ब्रास वाळू मोफत, ती मागून घ्या, आणि नदीचीच मागा. मजुरी जॉबकार्डवर लाभार्थ्याच्या घरच्यांच्या नावाने निघते, ती शिकाऊ पोरांचा रोज म्हणून धरू नका. त्यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

थापी, दापोली

दादा, तुमच्या पोस्टमध्ये सात पोरं आहेत. पोरी किती?

मी रागाने विचारत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमचं छप्पर गेलं. कौलं अंगणात, दोन वासे शेजाऱ्याच्या आगरात. त्या वर्षी गवंडी मिळेना म्हणून मी घरच्याच कामावर घमेली उचलली. गवंडी म्हातारे होते, त्यांनी एक दिवस थापी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, दरजा भर. सांध्यांच्या त्या फटी मी भरल्या. मग गिलावा शिकले. आज मी गिलाव्याला स्वतंत्र जाते, पण अजून रोज सांगताना समोरचा पुरुष गवंड्यापेक्षा कमीच बोलतो. कागद असता तर निदान तोंड उघडता आलं असतं. झारखंडमध्ये स्वच्छ भारतच्या वेळी बायकांना शौचालयं बांधायला शिकवलं, त्यांना तिथे रानी मिस्त्री म्हणतात. मग आपल्याकडे काय अडलंय?

ठरावात बचत गटाच्या बायकांची नावं घाला. त्या मुंबईला निघून जाणार नाहीत. पोरं शिकली की अर्धी पनवेल गाठतील, बायका वाडीतच राहतील आणि पुढच्या घराला तुम्हाला माणूस मिळेल. आणि कामावर आडोसा करून घ्या. दिवसभर पाणी न पिता काम करावं लागतं आम्हाला, हे पुरुषांच्या लक्षात येत नाही.

दाभोळचा, सध्या परदेशी

मी मूळ दाभोळचा, बरीच वर्षं अमेरिकेत आहे. इथे हुबेहूब अशी एक सरकारी योजना आहे, म्हणून लिहितोय. नाव यूथबिल्ड. 1978 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात डोरोथी स्टोनमन नावाच्या शिक्षिकेने तिथल्या तरुणांना घेऊन एक पडीक इमारत दुरुस्त केली, त्यातून हे वाढलं. 1992 मध्ये केंद्र सरकारच्या कायद्यात आलं. आधी गृहनिर्माण खात्याकडे होतं, 2006 च्या कायद्याने कामगार खात्याकडे गेलं. शाळा सुटलेली 16 ते 24 वयाची मुलं घेतात. थोडा काळ वर्गात राहिलेलं शिक्षण पुरं करायचं, थोडा काळ साइटवर गरिबांसाठी परवडणारी घरं बांधायची, आणि शिकताना थोडे पैसेही मिळतात.

पैसे इथेही मुलाच्या किंवा कारागिराच्या हातात येत नाहीत. स्थानिक संस्था अर्ज करते, तिची निवड होते, आणि अनुदानाच्या 25 टक्के इतकी भर तिला दुसरीकडून उभी करावी लागते. म्हणून सुचवतो, तुम्ही एकटे राहू नका. मजूर सहकारी संस्था नोंदवता येईल का ते बघा. आज नसेना का, पण पुढच्या वर्षी कोणी विचारलं तर दाखवायला नाव आणि हिशेबाची वही असेल.

मला त्यातलं वर्ग आणि साइट एकत्र ठेवणं फार पटलं. तुमच्या बारावीवाल्या पोरांचा गणिताचा पेपर राहिलाय का?

ओळंबा, राजापूर तालुका

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनदा वाचलं.

थापी ताई, बरोबर पकडलंत. माझ्या डोक्यात बायका घमेल्यापाशीच होत्या. काल बायकोला विचारलं तर तिने बसल्या जागी तीन नावं सांगितली, त्यातली एक माझी पुतणीच. तिने मला कधी विचारलं नाही, कारण मी तसं कधी वाटू दिलं नाही. आडोशाचं पहिल्या दिवशीच करतो.

दाभोळकर साहेब, गणितच राहिलंय. दोघांचंही. आखणीला काटकोन काढताना आम्ही दोरीवर एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट खूण करतो आणि मधलं अंतर पाच भरलं तर कोन बरोबर. मी त्याला नुसतं "तीन-चार-पाच" म्हणतो. हे सांगितल्यावर त्यातला एक म्हणाला, "काका, हे तर पायथागोरस." पुस्तकात त्याला ते कशासाठी आहे ते कळलं नव्हतं. शाळेतले एक गुरुजी आहेत आमचे, त्यांना संध्याकाळी तासभर मागणार आहे.

अधिकारी साहेब, एक विचारायचं होतं. विश्वकर्मा योजनेत पोरांचं होईल का? सेवा केंद्रवाला म्हणतो नोंदवून टाका.

जुना विस्तार अधिकारी

पोरांचं नको, तुमचं करा. पीएम विश्वकर्मा 17 सप्टेंबर 2023 ला आली, तिच्या 18 व्यवसायांत राजमिस्त्री आहे, पण ती आधीपासून हाताने काम करणाऱ्यासाठी. न शिकलेल्या पोराला विश्वकर्मा म्हणून नोंदवलं तर पडताळणीत ग्रामपंचायतीचंच नाव खराब. घरटी एकालाच मिळते, तेव्हा तुमचं नाव घाला. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15 हजारांचं व्हाउचर. लागलं तर 5 टक्क्यांनी 1 लाखापर्यंत कर्ज. पोरांना लागणाऱ्या थाप्या, लेव्हल पट्ट्या तुमच्याच व्हाउचरमधून येतील.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेच्या मागे लागू नका. बारावी पासला 6 हजार, आयटीआयला 8 हजार वगैरे ऐकून पोरं जातील, पण तिथे नोंदणीकृत आस्थापना लागते, एकट्या गवंड्याला ती चालत नाही. तुमची दोन पोरं तर बारावी पासही नाहीत. त्यापेक्षा रत्नागिरीला ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा. तिथलं प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवणासकट. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया, तिच्या शाखेत पत्ता मिळेल.

आणि पहिल्या दिवसापासून हजेरीची वही ठेवा. वर्षात 90 दिवस बांधकामाचं काम भरलं की 18 वर्षांवरचं पोर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदवता येतं. 45 दिवसांची बॅच आणि पुढचं एक घर, झाले 90.

ओळंबा, राजापूर तालुका

वही आजच आणली. दोनशे पानी.

तालुक्याला जाऊन आलो. अभियंता साहेब तरुण आहेत, त्यांनी ऐकून घेतलं. बॅच मिळेल असं म्हणाले नाहीत, पण ठराव आणा, मी जिल्ह्याला पाठवतो म्हणाले. ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे. सरपंचांनी विषय पत्रिकेत घेतला.

तोवर थांबायचं नाही असं ठरवलंय. पाचही लाभार्थी एकत्र बसले. ठरलं असं की एका घराचं जोतं सगळ्यांनी मिळून करायचं, मग दुसऱ्याचं, म्हणजे हप्ते पाळीपाळीने पडतील आणि हात रिकामे राहणार नाहीत. शिकणाऱ्याला पहिले पंधरा दिवस दुपारचं जेवण ज्याचं घर त्याच्याकडे, पुढे निम्मा रोज, तो माझ्या मजुरीतून. बॅच आली तर उत्तमच. एका पोराचा बाप अजून तयार नाही. त्याला मी बहिणीच्या घरी घेऊन जाणार आहे, तो स्लॅब एकदा बघू दे.

परवा पहिल्या घराची आखणी आहे. 25 चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसकट. चार पोरं, तीन बाया. खुंट्या तासून ठेवल्यात, दोरी आणि चुना घेऊन सकाळी सातला बोलावलंय. पहिली खुंटी पुतणी ठोकील.