मदत हवी आहे : लेखी बदनामीच्या दाव्यात ‘अशी चर्चा आहे’ एवढे म्हणणे बचाव ठरते का?

नमस्कार. एका सभासद-संस्थेच्या त्रैमासिकाचे संपादन मी विनामोबदला करतो. चौदा महिन्यांपूर्वीच्या अंकात संस्थेच्या हिशेबांवर मी एक लेख लिहिला होता. त्यावरून तत्कालीन खजिनदारांनी आता वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. पंधरा दिवसांत लेखी माफी न मागितल्यास नुकसानभरपाईचा दिवाणी दावा आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली फौजदारी तक्रार असे दोन्ही मार्ग अवलंबू, असा नोटिशीचा आशय आहे. पुढील आठवड्यात वकिलांची भेट ठरली आहे. तिथे अर्धवट माहिती घेऊन जाऊ नये, एवढ्यासाठी हा धागा. संस्थेचे आणि व्यक्तींचे नाव मुद्दाम देत नाही.

सारा वाद दोन वाक्यांचा आहे. पहिले असे : ‘इमारत निधीतील रक्कम सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय अन्य खर्चासाठी वापरण्यात आली.’ त्याला लागूनच दुसरे : ‘ही रक्कम अखेर कोणाच्या खिशात गेली, याची सभासदांमध्ये चर्चा आहे.’ पहिल्या वाक्याला लेखापरीक्षकांच्या अहवालातील शेऱ्याचा आधार आहे. दुसऱ्याला आधार म्हणाल तर सभा संपल्यावर जिन्यात उभे राहून लोक जे बोलत होते तेवढाच. लेखात कोणाचेही नाव नाही, फक्त ‘तत्कालीन पदाधिकारी’ असा उल्लेख आहे.

मी जे वाचले त्यावरून इतके समजले की मजकूर बदनामीकारक आहे, तो आपल्याविषयीच आहे आणि तो तिसऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचला आहे, या तीन गोष्टी वादीने दाखवाव्या लागतात. मग नाव नसताना दावा टिकतो का? दुसऱ्या वाक्यात मी आरोप केलेला नाही, केवळ चर्चा असल्याचे नोंदवले आहे. याचा न्यायालयात काही उपयोग होतो का? आणि मुदतीचे काय? छापील अंकाला वर्ष उलटून गेले आहे, पण त्याच लेखाची पीडीएफ पाच महिन्यांपूर्वी एका सभासदाने व्हॉट्सॲप गटावर टाकली आणि त्या गटात सभासद नसलेले लोकही आहेत.

प्रतिसाद १

मी दिवाणी बाजूला वकिली करतो, पण कागद पाहिल्याशिवाय दिलेले हे उत्तर सल्ला म्हणून घेऊ नये. नाव नसणे हा फारसा भक्कम आडोसा नाही. वादीला ओळखणाऱ्या सामान्य वाचकाला हे त्याच्याविषयीच आहे असे वाजवीपणे वाटले तर पुरते, आणि त्या काळात खजिनदार एकच होते. लिहिणाऱ्याचा हेतूही इथे गौण ठरतो. इंग्लंडमधील हल्टन विरुद्ध जोन्स या खटल्यात वृत्तपत्राने ‘आर्टेमस जोन्स’ हे पात्र काल्पनिक असल्याचे सांगितले होते. तरीही त्याच नावाच्या खऱ्या बॅरिस्टरला ज्यूरीने १,७५० पौंड दिले आणि १९०९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल कायम ठेवला.

आता ‘चर्चा आहे’ याविषयी, कारण आपल्या प्रकरणाची खरी मेख तिथे आहे. अफवा छापणाऱ्याला ‘अफवा होती हे खरेच आहे’ असे म्हणून सुटता येत नाही. अफवेतला आरोप खरा होता हेच सिद्ध करावे लागते, आणि सत्याच्या बचावात पुराव्याचा भार प्रतिवादीवर असतो. पहिले वाक्य अहवालाने तरेल. पण न्यायालय वाक्ये सुटी करून वाचत नाही, लेख एकसंध वाचते. मंजुरीशिवाय खर्च झाला याच्या शेजारी ‘खिसा’ हा शब्द आला की अर्थ अपहाराचा होतो, आणि अनियमितता सिद्ध केल्याने अपहार सिद्ध होत नाही. प्रामाणिक मतप्रदर्शन हा बचावही त्या वाक्याला लागू पडेल असे मला वाटत नाही, कारण त्यात मत नाही, सूचित केलेले तथ्य आहे. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे. फौजदारी बाजूला मात्र सत्याबरोबर प्रकाशन लोकहितासाठी होते हेही दाखवावे लागते. त्यामुळे दोन्हींसाठी तयारी वेगळी करा.

प्रतिसाद २

वरील उत्तरात मुदत राहिली. मुदत कायदा, १९६३ च्या अनुसूचीतील अनुच्छेद ७५ प्रमाणे लेखी बदनामीच्या नुकसानभरपाईसाठी प्रकाशनापासून एक वर्ष मिळते, म्हणून छापील अंकापुरता दिवाणी दावा मुदतबाह्य दिसतो. फौजदारी तक्रारीला हा हिशेब लागू नाही. शिक्षा कमाल दोन वर्षांची असल्याने दखल घेण्याची मर्यादा तीन वर्षे आहे. पीडीएफ हे नवे प्रकाशन धरले जाऊ शकते आणि त्याची जबाबदारी प्रथम ती पसरवणाऱ्यावर येते. मूळ लेखक त्यात तेव्हाच ओढला जातो, जेव्हा त्याने पुढे पाठवण्यास संमती दिलेली असते किंवा तसे होणे उघडच अपेक्षित असते. आणखी एक. हिशेबात समान हितसंबंध असलेल्या सभासदांपुरता मजकूर मर्यादित असेल तर सापेक्ष विशेषाधिकाराचा, म्हणजे ज्यांचा विषयाशी संबंध आहे त्यांनाच प्रामाणिकपणे सांगितले असा, बचाव मांडता येतो. तो द्वेषबुद्धी सिद्ध झाली की कोसळतो आणि मजकूर बाहेरच्यांत गेला की कमकुवत होतो. म्हणून पीडीएफ कोणी, कोणाला, कधी पाठवली याचा क्रम तारखांसह लिहून ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दुसरा प्रतिसाद वाचून फोनमधले जुने संदेश उघडले. ती पीडीएफ त्या सभासदाला मीच पाठवली होती, आणि खाली लिहिले होते, ‘हवी तिथे द्या, सगळ्यांनी वाचली पाहिजे.’ संदेश मी पुसलेला नाही आणि पुसणारही नाही. लेखापरीक्षण अहवालाच्या प्रतीबरोबर त्याचीही छापील प्रत वकिलांकडे नेतो आणि माफीचा प्रश्न दुसऱ्या वाक्यापुरता वेगळा करता येईल का, हे त्यांना आधी विचारतो.