रेनोजवळचे जंगली घोडे: यांना कायद्याचं संरक्षण आहे की नाही?

नाशिकचे_आजोबा:
नमस्कार मंडळी. सध्या लेकीकडे रेनोला (नेवाडा) आलोय. शहराच्या पूर्वेला कारखान्यांची मोठी वसाहत आहे, जावई तिथेच कामाला. परवा त्याच्याबरोबर गेलो तर रस्त्याच्या कडेला घोड्यांचा कळप चरत होता. ना नाल, ना दावं, ना कुणी राखणदार. एका घोडीच्या पोटाशी शिंगरू. जावई म्हणाला, हे जंगली घोडे, ॲनी नावाच्या बाईंनी कायदा करवून घेऊन वाचवलेले. संध्याकाळी शेजारचे गृहस्थ म्हणतात, छे, या घोड्यांना तो कायदा लागूच नाही, सरकारदरबारी ही मोकाट जनावरं. दोघंही अगदी ठामपणे सांगतात. कुणाचं खरं? आणि या बाई कोण?

वॉशोकर:
काका, दोघांचंही खरं आहे, आणि तीच तर दुखरी बाब आहे. मी इथे बरीच वर्षं राहते, या घोड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एक आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

बाईंचं नाव व्हेल्मा जॉन्स्टन. ‘वाइल्ड हॉर्स ॲनी’ हे लोकांनी पाडलेलं नाव. जन्म रेनोचाच, १९१२चा. लहानपणी पोलिओ झाला, अंगभर प्लास्टर घालून महिनोन्‌महिने पडून काढले, चेहऱ्यावर आणि शरीरावर त्याच्या खुणा जन्मभर राहिल्या. पुढे एका विमा कचेरीत सेक्रेटरी. १९५० साली कामावर जाताना पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना त्यांना दिसलं, म्हणून त्या त्याच्या मागोमाग गेल्या. ट्रकमध्ये घोडे कोंबलेले आणि एक लहान घोडा बाकीच्यांच्या पायाखाली तुडवला जात होता. सगळे कत्तलखान्याकडे निघालेले. पाळीव कुत्र्यांच्या डबाबंद खाण्यासाठी तेव्हा हे मांस जात असे.

धरायची रीत तर अंगावर काटा आणणारी होती. विमान खाली आणून, वरून बंदुकीचे बार काढून कळप डोंगरातून सपाटीवर हाकायचा. तिथून ट्रक मागे लावायचा आणि फास टाकायचा. फासाच्या दुसऱ्या टोकाला जड टायर. तो ओढत ओढत घोडा दमून पडला की पाय बांधून ट्रकात चढवायचा. जॉन्स्टनबाई आणि त्यांचे यजमान चार्ली यांनी जाऊन याचे फोटो काढले.

मला सगळ्यात भावतं ते त्यांचं कामाचं वळण. पत्रं, फायली, नियम यांत हात मुरलेला. आधी गाठली ती आपली काउंटी (म्हणजे जिल्हाच समजा). १९५२ साली स्टोरी काउंटीने विमानातून घोडे हाकायला बंदी घातली, ती सुनावणी तिथल्याच व्हर्जिनिया सिटी या गावात झाली. मग १९५५ साली नेवाडा राज्याचा कायदा, पण त्यातून संघराज्य सरकारच्या जमिनी वगळलेल्या. या राज्यात साधारण ऐंशी टक्के जमीन त्यांचीच, म्हणजे जवळजवळ सगळं रान सुटलं! मग बाई थेट वॉशिंग्टनला. काँग्रेससमोर साक्ष दिली, फोटो ठेवले. १९५९च्या कायद्याने सरकारी जमिनीवर विमानं-मोटारींनी घोड्यांचा पाठलाग करायला आणि पाणवठ्यांत विष कालवायला मनाई झाली. तरी घोडा स्वतः संरक्षित नव्हताच. त्यासाठी आणखी बारा वर्षं गेली. देशभरातल्या शाळकरी मुलांनी खासदारांना पत्रांवर पत्रं लिहिली आणि डिसेंबर १९७१मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सननी तशा कायद्यावर सही केली.

आता तुमच्या शेजाऱ्यांचा मुद्दा. १९७१चा कायदा संघराज्य सरकारच्या दोनच खात्यांच्या जमिनीवरच्या घोड्यांना लागू होतो: भूव्यवस्थापन विभाग आणि वनसेवा. तुम्ही पाहिलेला कळप व्हर्जिनिया रेंज या इथल्या डोंगररांगेतला. त्या डोंगरांत खाजगी जमीन पुष्कळ, आणि तिथले घोडे राज्याच्या कृषी खात्याकडे, बेवारशी पशुधन म्हणून. म्हणजे जिथे बाईंनी पहिली लढाई जिंकली, तिथलेच घोडे त्यांच्या सगळ्यात मोठ्या कायद्याबाहेर राहिले. १९९८च्या डिसेंबरात याच डोंगरांत चौतीस घोडे गोळ्या घालून मारलेले सापडले. इथली जुनी माणसं अजून त्याबद्दल बोलताना गप्प होतात.

रेंजसायन्स_युटा:
ताई, आदर आहे, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७१मध्ये घोडे-गाढवं मिळून साधारण २५,००० होती. आज सरकारी रानात ७०,०००च्या वर आहेत आणि विभागाच्या मते रानाला झेपतात ती पंचवीस-सव्वीस हजार. कोरड्या वर्षी झऱ्याभोवती जाऊन पाहा, गवताची काडी नसते, नुसता तुडवलेला चिखल. हरणं, सेज ग्राउज पक्षी यांनी कुठे जायचं?

तापीकाठ:
मी शहाद्याकडचा. आमच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा केवढा बाजार भरतो! मग हे धरून, शिकवून विकत का नाहीत?

वॉशोकर:
युटावाले दादा, झऱ्यांचं म्हणणं मला मान्य आहे. त्याच झऱ्यांवर गुरंही चरतात हे धरून बोलू या, एवढंच.

तापीकाठ, दत्तक देण्याची सरकारी सोय आहे, आणि सरावलेल्या हातात हे घोडे छान तयार होतात. पण धरले जातात त्या मानाने घेणारे फार कमी. ६०,०००च्या पुढे घोडे-गाढवं आज सरकारी गोठ्यांत आणि भाड्याच्या कुरणांत आहेत, जन्मभराचा चारा सरकारच्या खर्चाने. २०१९पासून २०२५पर्यंत दत्तक घेणाऱ्याला हजार डॉलर देत होते, तर त्यातले काही घोडे पुन्हा कत्तलीच्या लिलावात दिसले. शिवाय १९७६पासून सरकारला हेलिकॉप्टरने हाकायची मुभा आहेच.

म्हणूनच मी लसीच्या बाजूची आहे. व्हर्जिनिया रेंजमध्ये सुमारे ३,००० घोडे आहेत आणि त्यांतल्या नरांना नाही, माद्यांना पीझेडपी ही गर्भनिरोधक लस डार्टने (दुरून मारायच्या सुईने) देतात. आधी घोडी ओळखावी लागते, ते आमचं काम. एक पंचकल्याणी घोडी आहे, चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा. तिला ओळखायला काहीच लागत नाही. पण साध्या तांबड्या घोडीला कानावरची जुनी चीर किंवा आयाळ कोणत्या बाजूला पडते यावरून ओळखायचं, आणि फोटो ताडून पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही. डार्ट मारणारा प्रशिक्षित असतो. घोडीच्या पुठ्ठ्यावर (मागच्या मांडीवर) ‘टप्प’ आवाज होतो, घोडी दचकून चार ढांगा टाकते, वळून बघते आणि पुन्हा चरायला लागते. डार्ट गळून पडतो. तो सेजब्रशच्या झुडपांतून शोधून आणायचाच, कारण आत लस उरली असेल तर ती मात्रा धरत नाहीत. पुढे ठरावीक काळाने पुन्हा टोचावं लागतं. काम किचकट आहे, पण यात कळप आपल्या डोंगरात राहतो, आईपासून शिंगरू तुटत नाही. जॉन्स्टनबाई १९७७ साली कर्करोगाने गेल्या. त्या असत्या तर आमच्या नोंदींच्या वह्या त्यांनी नक्की तपासल्या असत्या असं मला मनापासून वाटतं.

नाशिकचे_आजोबा:
ताई, फार मोलाचं लिहिलंत. नात म्हणते रविवारी जाऊन घोड्यांना गाजरं घालू. चालेल ना?

वॉशोकर:
नको काका, अजिबात नको. इथे तो गुन्हा आहे. खाऊ मिळाला की घोडे रस्त्यावर गाड्यांची वाट बघत उभे राहतात, आणि त्या वसाहतीत दिवसरात्र ट्रक धावतात. त्यांच्या चाकांखाली शिंगरं आधी सापडतात. सकाळी लवकर जा, गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावा, घोडे जवळ आले तर तुम्हीच मागे सरका. नातीला दुर्बीण द्या. तिने फोटो काढला तर जागा आणि तारीख लिहून इथेच टाका, कोणता कळप ते मी सांगते.