फझ पेडल दुपारी मान टाकतं, मदत हवी आहे

ढणढण्या: मंडळी, घरी फझ पेडल (गिटारचा आवाज खरखरीत, फाटका करणारा डबा) बनवलंय. सकाळी झकास वाजतं, दुपारी नुसतं फुर्र फुर्र करतं आणि सूर मध्येच तुटतो. सोल्डरिंग बघून झालं, जॅक बदलले, वायर बदलली. सर्किट नेहमीचंच, दोन ट्रान्झिस्टरवालं. रविवारी हळदीला वाजवायचंय, लवकर सांगा.

लोखंडी_कान: नेहमीचं म्हणजे कुठलं? जुन्या फझ पेडलांपैकी फझ फेस की टोन बेंडर? ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे की सिलिकॉनचे? बॅटरी की अडॅप्टर? ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी (कलेक्टर, बेस, एमिटर) कलेक्टरला व्होल्ट किती? काहीच लिहायचं नाही आणि वर घाई.

तापीकाठचा: प्रोसेसर घेई टाक ना भो. एका डब्यात सगळे आवाज. हळदीत कोण ऐकतंय फझ?

ढणढण्या: प्रोसेसर नकोय, ते विचारलंही नाही. फझ फेस. एसी १२८ जर्मेनियम ट्रान्झिस्टर, जुन्या रेडिओतून काढलेले. बॅटरी नवी, ९ व्होल्ट.

रेडिओकाका: दोन्ही १२८च आहेत ना, नीट वाच. रेडिओच्या आउटपुटला बरेचदा १२७ आणि १२८ ची जोडी असायची. डबी दिसायला सारखी, पण १२७ एनपीएन, म्हणजे १२८ च्या (पीएनपी) उलट जातीचा. ठिपक्याशेजारचा पाय कलेक्टर. सोल्डर करताना पायाला चिमटा लावला होतास का? जर्मेनियम फार नाजूक. आमच्या उमेदीच्या काळात बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) ट्रान्झिस्टर यायचे, तो माल वेगळाच होता. आता दुकानात पोराला एसी १२८ माग, तो एसीचा स्पेअर पार्ट शोधायला लागतो.

लोखंडी_कान: काका, १२७ असता तर सकाळीही वाजलं नसतं. प्रश्न दुपारचा आहे.

बॅटरीभक्त: अल्कलाइन काढा, साधी झिंक कार्बन टाका. फझचा गोडवा तिच्यातच आहे.

ढणढण्या: काका, दोन्ही १२८च आहेत, चिमटाही लावला होता. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला सकाळी ४.६ होते, आत्ता ८.१. मीटर उणे दाखवतोय. सराव पत्र्याच्या खोलीत करतो, भुसावळला.

लोखंडी_कान: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं! भुसावळ, मे महिना, वर पत्रा. उणे बरोबर आहे, पीएनपी फझ फेसमध्ये बॅटरीचं धन टोक अर्थला असतं. (म्हणूनच बाकीच्या पेडलांच्या अडॅप्टरवर हे जोडू नकोस, शॉर्ट होईल.)

आता ८.१ का, ते बघ. पहिल्या ट्रान्झिस्टरला करंट ३३ के (३३ हजार ओहम) च्या रेझिस्टरमधून मिळतो, तो जेमतेम पाव मिलिअँप. जर्मेनियममधून बेसला काही न देताही करंट गळतो, आणि दर ८-१० अंशांना ती गळती साधारण दुप्पट होते. सकाळी ३० अंशांना १०० मायक्रोअँप असेल तर ४५ ला ती अडीचशेच्या वर गेली. म्हणजे ३३ के मधून येणारं सगळं पहिलाच पिऊन टाकतो, दुसऱ्याच्या बेसला काही उरत नाही, तो बंद पडत जातो आणि त्याचा कलेक्टर ९ कडे सरकतो. तेच तुझं फुर्र फुर्र.

प्रीसेटवाला: एवढं पुराण कशाला? दुसऱ्याच्या कलेक्टरचा ८.२ के चा रेझिस्टर काढ, २० के चा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) लाव, कलेक्टर ४.५ व्होल्टवर आण, विषय संपला. मी कायम हेच करतो.

लोखंडी_कान: दुपारी ४.५ वर आणलंस की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बिघडलेलं. पाणी वर मुरतंय, तुम्ही खाली तोटी फिरवताय.

प्रीसेटवाला: आमच्या धुळ्यात चालतंय बरोबर.

लोखंडी_कान: एसी खोलीत चालत असेल.

ढणढण्या: भांडा नंतर. मी काय करू? मल्टिमीटरवर एका ट्रान्झिस्टरचा गेन (करंट किती पट वाढवतो तो आकडा) ११० आला, दुसऱ्याचा ९५.

लोखंडी_कान: त्या आकड्यावर जाऊ नकोस. मीटर बेसला साधारण १० मायक्रोअँप देतो, म्हणजे ३०० ची गळती असली की गेन ३० ने फुगून दिसतो. गळती वेगळी मोज: एमिटर बॅटरीच्या धनला, कलेक्टर २.४ के मधून ऋणला, बेस मोकळा. रेझिस्टरवर ०.२४ व्होल्ट म्हणजे १०० मायक्रोअँप. हात लावून मोजू नकोस, बोटाच्या उबेनेही आकडा चढतो. कमी गळणारा पहिल्या जागी.

रेडिओकाका: दोन्ही गळके निघाले तर पहिल्या जागी बीसी ५५७ टाक, सिलिकॉन पीएनपी, कुठेही मिळतो. सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुसरा जर्मेनियमच राहू दे.

जुनाखोड: मग त्याला फझ फेस म्हणू नका. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा आवाज जर्मेनियमचा.

लोखंडी_कान: हेंड्रिक्सने पुढे सिलिकॉनवालेही वापरले. १९६६ साली हे सर्किट लंडनमध्ये विकायला आलं, भुसावळच्या पत्र्याखाली नाही.

बँजो_पार्टी_रावेर: आमच्या बँजोला हे चालेल का? लग्नसराईत जरा वेगळा आवाज पाहिजे.

तापीकाठचा: आधी डीजेचा आवाज कमी करा भो, मग वेगळा करा.

ढणढण्या: मोजलं. गळती सकाळीच एकाची २१० मायक्रोअँप, दुसऱ्याची १६०. बीसी ५५७ टाकला. दुपारी दीडला ४.३ व्होल्ट! आवाज जरा चरचरीत झालाय, पण तुटत नाही. गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की पूर्वीसारखा गोड साफ होत नाही एवढंच.

जुनाखोड: बोललो होतो.

लोखंडी_कान: चरचर कमी करायला बीसी ५५७ च्या कलेक्टर आणि बेसमध्ये १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाक. काढलेला १२८ फेकू नकोस, थंडीत लावून बघ.

बँजो_पार्टी_रावेर: माझ्या प्रश्नाचं?

लोखंडी_कान: पिकअप (वाद्याचा आवाज पकडणारा भाग) मॅग्नेटिक आहे की पिझो (कंपनं पकडणारा)? पिझो असेल तर आधी बफर (सिग्नल सांभाळणारं छोटं सर्किट) लागेल. फझ फेसचा इनपुट इम्पिडन्स फार कमी, म्हणजे पिझोवर ओझं पडतं, आवाज पातळ येतो.

बँजो_पार्टी_रावेर: तो आतून चिकटवलेला आहे तो.