'ये रे ये रे पावसा'चं विनोदी अ‍ॅनिमेशन: पैसा खोटा निघाल्यावर पाऊस येतो कशासाठी?

कच्चीरेघ: चाळीस सेकंदांची टूडी फिल्म हाताने काढतेय. पहिल्या अ‍ॅनिमॅटिकमध्ये (कच्च्या चित्रांच्या चाचणी-फिल्ममध्ये) ढगाच्या पोटावर क्यूआर कोड होता. मुलगा फोन धरतो, 'व्यवहार अयशस्वी' येतं आणि धो धो पाऊस. मित्रमंडळी हसली. पाच वर्षांच्या भाचीने मात्र शेवटपर्यंत बघून विचारलं, "पण पैसा कुठंय?" तिचं बरोबर आहे. गाण्यातली गंमत हातातल्या त्या नाण्यात आहे, मी तेच काढून टाकलं. आता नाणं परत आणलंय, पण अडलेय एका जागी: पैसा खोटा आहे हे कळल्यावरही ढग का बरसतो? नुसतं 'गाण्यात तसं आहे' म्हणून नकोय. काही सुचतंय का?

जुनंनाणं: एक पैशाचं ॲल्युमिनियमचं नाणं घ्या. चौकोनी, गोलसर कोपऱ्यांचं, हातात घेतलं तर वजनच जाणवत नाही. 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011पासून चलनातून बाद झाली, म्हणजे मुलगा अगदी मनापासून देतोय आणि तरी ते चालत नाही. यात आजचा काळ आपोआप येतो, फोन लागत नाही.

बारा_चित्रं: नाणं झकास, पण 'बाद' आणि 'खोटा' एक नव्हे, आणि पाच वर्षांच्या मुलीला 2011 काय सांगणार? ढगाला नाणं चावू द्या. दाताखाली ते वाकलं की सगळ्यांना कळतं. मग घाई करू नका. सेकंदाला 24 फ्रेम, तुम्ही एकेक चित्र दोन-दोन फ्रेम ठेवत असाल तर बारा चित्रं. वाकलेल्या नाण्यानंतर निदान वीस फ्रेम काहीही हलवू नका, फक्त ढगाची एक पापणी. हसू त्या थांबण्यात पिकतं. आणि दुसरं कडवं सोडू नका! पहिल्यात मागितला पाऊस, आला मोठा. दुसऱ्यात मडकं भरायला सर बोलावली, तर मडकंच वाहून गेलं. मागितलं त्याहून जास्तच मिळतं, दोन्हीकडे.

सूरपेटी: चित्रांचं ठरेल, आवाजाचं आधी बघा. शब्द लोकपरंपरेतले, पण नेटवरचं कुठलंही तयार रेकॉर्डिंग उचलू नका. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षं असतो. भाचीकडूनच म्हणवून घ्या. तिने 'पैशा' म्हटलं तरी सुधारू नका.

कच्चीरेघ: सुटलं! रात्री बसून थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, काढली. ढग नाणं चावतो, ते वाकतं. तो खाली बघतो. मुलाचा तळहात अजून तसाच पसरलेला, चेहरा गंभीर. ढगाला हसू येतं. तो गाल फुगवून ओठ घट्ट दाबतो, पोट हिंदकळायला लागतं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून एक थेंब निसटतो. तो टपकन पडतो मुलाच्या तळहातावर. मग ओठ सुटतात आणि पाऊस. मडकं त्याच लोंढ्यात जातं, आतून वाकडं नाणं खुळखुळत. भाचीला कागद दाखवले. गाल फुगवलेल्या ढगापाशी तिनेही गाल फुगवले. रेकॉर्डिंग रविवारी, 'पैशा'सकट.