आयटी सोडून नर्सिंग (अमेरिका) : एडीएन, एबीएसएन की थेट मास्टर्स?

नमस्कार मंडळी,

वय ३९, अमेरिकेत बरीच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी, शिक्षण भारतातली इंजिनिअरिंगची पदवी. ग्रीनकार्ड हातात आल्यावर नर्सिंगचा जुना विचार पुन्हा डोकं वर काढून बसलाय. "चांगली नोकरी सोडून हे काय भलतंच?" हे दोन्हीकडच्या आईवडिलांनी, नवऱ्याच्या मित्रांनी आणि माझ्या मॅनेजरने विचारून झालंय. तेवढं सोडून बाकी काहीही विचारा.

नुसती हौस आहे की खरंच जमेल, हे बघायला आधी सीएनएचा (नर्सच्या हाताखालच्या सहाय्यकाचा) कोर्स केला. केंद्राच्या नियमाप्रमाणे तो किमान ७५ तासांचा असतो, काही राज्यांत जास्त. आता शनिवार-रविवार एका नर्सिंग होममध्ये जाते. पेशंटची कूस बदलणं, अंग पुसणं, बेडपॅन, सगळं करते. पाठ दुखते, पण सोमवारी सकाळी स्टँडअप मीटिंगला बसल्यावर जे वाटतं ते तिथे एकदाही वाटलेलं नाही. तेव्हा नर्सिंग करायचं हे नक्की. कुठल्या दाराने आत शिरायचं, एवढाच प्रश्न आहे.

मला दिसतात ते तीन रस्ते.

एक, कम्युनिटी कॉलेजमधलं एडीएन, म्हणजे नर्सिंगची असोसिएट (छोटी) पदवी. दोन वर्षं, फी सगळ्यात कमी, आणि शेवटी लायसन्सची परीक्षा तीच एनक्लेक्स-आरएन जी बीएसएनवाले (नर्सिंगची पूर्ण बॅचलर्स करणारे) देतात. लायसन्सही तेच. पण जागा थोड्या. कुठे गुणांवर यादी लागते, कुठे चक्क लॉटरी.

दुसरा एबीएसएन, म्हणजे आधीची कुठलीतरी पदवी असलेल्यांसाठी दामटून पुरा केलेला बीएसएन. साधारण १२ ते १८ महिने. जाहिराती सगळीकडे याच्याच दिसतात. एकदा माहितीसाठी फॉर्म भरला तर "ॲडमिशन काउन्सेलर" म्हणवणाऱ्या बाईंचे फोन सुरू झाले. माझी भारतातली पदवी चालेल का, हे त्यांना सांगता येईना, पण अर्जाची फी आजच भरली तर माफ होईल हे मात्र प्रत्येक फोनवर ऐकवलं.

तिसरा, थेट मास्टर्स. नर्स नसलेल्यांना घेऊन आरएन (रजिस्टर्ड नर्स) आणि एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स) एकदम. ऐकायला भारी वाटतं, खर्चही तसाच भारी.

आता मी जे आकडे मांडून बसलेय ते तपासून हवे आहेत. जाहिरातीतले "फक्त १५ महिने" हे प्रीरेक्विझिट्स (प्रवेशाआधी पुरे करायचे विषय) झाल्यानंतरचे असतात. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग लॅबसकट, आणि पहिला झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही. मग मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, ह्यूमन डेव्हलपमेंट. बऱ्याच ठिकाणी सायन्सचे विषय पाच किंवा सात वर्षांच्या आतलेच लागतात, त्यामुळे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची केमिस्ट्री गेली. नोकरी सांभाळून हे सगळं करायचं तर वर्ष कुठेच गेलं नाही. म्हणजे एबीएसएनला सव्वादोन वर्षं आणि एडीएनला तीन. प्रत्यक्षात फरक फक्त नऊएक महिन्यांचा! त्या नऊ महिन्यांसाठी फीमधला एवढा फरक सोसायचा, शिवाय एबीएसएन चालू असताना नोकरी करता येत नाही असं सगळेच सांगतात. हा हिशेब बरोबर आहे की मी काही विसरतेय?

कर्जाचं असं कळलं की आधीची बॅचलर्स असली की पेल ग्रँट (केंद्राची परत न करायची मदत) मिळत नाही, मग ती पदवी भारतातली का असेना. एबीएसएनला अंडरग्रॅज्युएटच धरतात, त्यामुळे केंद्राचं कर्ज वर्षाला जास्तीत जास्त १२,५०० डॉलर. वरचे पैसे स्वतःचे, नाहीतर खाजगी कर्ज. मास्टर्ससाठी पूर्वी ग्रॅड प्लस नावाचं केंद्राचं कर्ज होतं, ते १ जुलै २०२६ पासून नव्या लोकांना बंद. तिथेही वर्षाला २०,५०० च्या वर मिळणार नाही.

विचारायचं ते असं: एडीएन करून पुढे नोकरीत अडतं का? एबीएसएनचं कॉलेज चांगलं की नुसतं चकचकीत हे बाहेरून कसं ओळखायचं? आणि पदवीचं मूल्यमापन कोणाकडून करून घेतलंत? आमचं विद्यापीठ गुणपत्रिका पाठवायला किती वेळ घेतं ते मला माहीत आहे, म्हणून आत्ताच विचारते.

– नवीघडी

.

रातराणी

हिशेब बरोबर आहे. मी एडीएन करूनच आत आले, मेड-सर्जला (मेडिकल-सर्जिकल वॉर्डात) आहे, बीएसएन नंतर ऑनलाइन केलं आणि फीचा मोठा भाग हॉस्पिटलने भरला. त्या कोर्सला नवीन क्लिनिकल्स (हॉस्पिटलातलं प्रात्यक्षिक) जवळजवळ नव्हती, पेपर लिहिण्याचाच कंटाळा.

नोकरीत अडतं का? राज्य आणि शहर पाहून उत्तर बदलतं. न्यू यॉर्कमध्ये २०१७ च्या कायद्याने एडीएन नर्सला दहा वर्षांत बीएसएन करावंच लागतं. मोठ्या शहरांतली शिकवणारी हॉस्पिटलं नवख्यांमध्ये बीएसएनलाच आधी घेतात. लहान गावात आणि लाँग टर्म केअरमध्ये कोणी विचारत नाही. "मॅग्नेट हॉस्पिटलात एडीएन चालत नाही" असं कोणी सांगितलं तर ते पूर्ण खरं नाही. मॅग्नेट हा चांगल्या नर्सिंगसाठी हॉस्पिटलांना मिळणारा दर्जा, त्याची बीएसएनची अट नर्स मॅनेजरना आहे, बेडसाइडच्या प्रत्येकीला नाही. पण हॉस्पिटलं स्वतःहून तसं धोरण ठेवतात, हेही खरं.

तुमच्या तासाभराच्या अंतरातल्या हॉस्पिटलांच्या नवख्या नर्सच्या जाहिराती उघडा. "बीएसएन रिक्वायर्ड" किती आणि "बीएसएन विदिन फाइव्ह इयर्स" किती, मोजा. आम्ही कोणी इथून सांगण्यापेक्षा ते जास्त खरं असेल.

भटकभवानी

एबीएसएन केलंय, म्हणून दुसरी बाजू. हिशेबात एक गोष्ट राहिली : एडीएनच्या तीन वर्षांत वेटिंग लिस्ट धरलेली नाही. आमच्या भागात लोक तीन-तीन सेमिस्टर ताटकळतात. तुमच्याकडे तसं असेल तर नऊ महिन्यांचा फरक दोन वर्षांचा होतो, आणि दोन वर्षं नर्सच्या पगाराशिवाय काढणं हाही खर्चच.

बाकी कॉलेज ओळखण्याबद्दल. एनक्लेक्सचा पहिल्या प्रयत्नातला निकाल राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या साइटवर कॉलेजवार असतो. पण नुसत्या त्या आकड्यावर भाळू नका. काही कॉलेजं शेवटच्या सेमिस्टरला एक्झिट परीक्षा ठेवतात आणि ज्यांचा भरवसा वाटत नाही त्यांना एनक्लेक्सपर्यंत पोचूच देत नाहीत. निकाल ९५ टक्के, पण निम्मी मुलं वाटेतच गळालेली. म्हणून सोबत विचारायचं : सुरू केलेल्यांपैकी वेळेत पूर्ण किती जण करतात?

दुसरा प्रश्न क्लिनिकल्सचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. जागा कॉलेज शोधून देतं की तुम्हाला शोधायला लावतं? कुठली हॉस्पिटलं, घरापासून किती लांब, रात्रीच्या शिफ्ट्स किती? ऑनलाइन थिअरीवाल्या एबीएसएनमध्ये "तुमच्या जवळ" म्हणजे नव्वद मैल निघू शकतात. पीडिॲट्रिक्स आणि ओबी (बाळंतपण) खऱ्या वॉर्डात मिळतं की सगळं सिम्युलेशनवर (बाहुलीवरच्या सरावावर) भागवतात? २०१४ च्या एनसीएसबीएनच्या (राज्यांच्या नर्सिंग बोर्डांच्या संघटनेच्या) अभ्यासात निम्म्यापर्यंत क्लिनिकल तास चांगल्या सिम्युलेशनने भरून काढता येतात असं दिसलं होतं. त्यातला "चांगल्या" हा शब्द कॉलेजं सोयीने गाळतात. बाहुलीला कधी राग येत नाही आणि तिचा मुलगा कॉरिडॉरमध्ये तुम्हाला गाठून ओरडत नाही.

फोनवाल्या बाईंना हे विचारून बघा. फोन बंद होतील.

टवाळ

इंजिनिअरिंग करून टेस्टिंग, आता नर्सिंग. बग शोधायची सवय तिकडे कामी येईल, फक्त "नॉट रिप्रोड्यूसिबल" म्हणून क्लोज करू नका.

मुक्कामपोस्ट

दोन सावधगिरीच्या सूचना.

बोर्डाची मंजुरी आणि ॲक्रेडिटेशन (कोर्सच्या दर्जाची मान्यता) या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एनक्लेक्सला बसायला राज्य बोर्डाची मंजुरी लागते. ॲक्रेडिटेशन मात्र सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन सीएनईए या संस्था देतात, आणि ते नसेल तर पुढे मास्टर्सला किंवा व्हीएच्या (माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांच्या) नोकरीला अडेल. कॉलेजच्या साइटवर विश्वासून राहू नका, त्या संस्थांच्या याद्यांत नाव शोधा. आणि "क्लिनिकल्सशिवाय झटपट आरएन" दिसलं तर तिथूनच परत फिरा. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन संस्थांनी विकलेल्या ७,६०० हून जास्त खोट्या नर्सिंग डिप्लोमांचं प्रकरण उघड झालं, आणि त्या कागदांवर परीक्षा पास होऊन कामाला लागलेल्यांची लायसन्सं मग बोर्डांनी तपासायला घेतली.

दुसरी किरकोळ, पण आपल्या लोकांना हमखास नडते ती. क्लिनिकल्सच्या आधी टीबीची तपासणी मागतात. लहानपणी बीसीजी झालेलं असलं की त्वचेवरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्सरे आणि पळापळ. पहिल्यापासून रक्ताची टेस्ट मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. हेपटायटिस बी, गोवर, कांजिण्या यांचे टायटर्सही (रक्तातली प्रतिकारशक्ती मोजणाऱ्या चाचण्या) त्याच वेळी करून टाका. आपली लसीकरणाची कार्डं कोणाकडे असतात!

नवीघडी

सगळ्यांचे आभार. टवाळ, ते वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं, आता रोज ऐकते आहे.

रातराणी, जाहिराती उघडून बसले होते. मोठी हॉस्पिटलं दोन, दोन्हीकडे "काही वर्षांत बीएसएन" अशी अट, आधीच हवं असं नाही. भटकभवानी, कम्युनिटी कॉलेजला फोन केला. वेटिंग लिस्ट नाही, गुणांवर यादी आहे, आणि सीएनएच्या अनुभवाला त्यात गुण आहेत. टीईएएस या प्रवेशपरीक्षेचे गुणही धरतात. त्यामुळे काटा एडीएनकडे झुकतोय. थेट मास्टर्स यादीतून काढलं, पण त्यावर कोणी काही बोललंच नाही. काढलं ते बरोबर केलं ना?

आणि पदवीच्या मूल्यमापनाचं राहिलंच.

रातराणी

बरोबर केलंत. थेट मास्टर्स करूनही पहिल्या दिवशी तुम्ही नवखी नर्सच. नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून औषधं लिहून देणारी नर्स) व्हायचं असेल तर बऱ्याचशा अशा मास्टर्सनंतर पुढचं शिक्षण वेगळं घ्यावंच लागतं. आधी वॉर्डात दोन वर्षं काढा, मग काय आवडतं ते कळेल.

मूल्यमापन : आधी कॉलेजला लेखी विचारा की त्यांना कोणाचं चालतं. बहुतेकांना एनएसीईएसच्या (परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्यांच्या संघटनेच्या) सदस्य संस्थेचं चालतं, डब्ल्यूईएस त्यातलीच. विषयवार रिपोर्ट घ्या, नुसता "पदवी समकक्ष आहे" असा नको, नाहीतर स्टॅटिस्टिक्सचं आणि इंग्रजीचं क्रेडिट सुटेल. हेही विचारा की परदेशी पदवीमुळे जनरल एज्युकेशनचे विषय माफ होतात का. काही ठिकाणी अमेरिकन पदवीलाच ती सवलत असते, आणि मग इतिहास-समाजशास्त्र घेत बसावं लागतं. विद्यापीठाकडे गुणपत्रिकेचा अर्ज आजच टाका. ॲनाटॉमीचा पहिला भाग फॉल सेमिस्टरलाच घ्या, लॅबच्या संध्याकाळच्या जागा सगळ्यात आधी भरतात.